तिच्या झग्याची पाठ

दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या कामाबद्दल लिहून द्या ना," तेव्हा मी तिच्या कुर्त्याकडे बघत होते. उजव्या खांद्याखाली पाठीवर एक तिरकी चुणी पडत होती. तिला वाटलं, काकू विचारात पडल्या. मी म्हटलं, "लिहीन. पण आधी तो कुर्ता काढून दे, पाच मिनिटांचं काम आहे."

लेडीज टेलरला ही खोडच लागते. पुढचा भाग गिऱ्हाईक आरशात बघतं, त्यावर वाद घालतं, गळा एक बोट खाली घ्या म्हणतं. पाठ तिला स्वतःला दिसत नाही, आणि कपडा बिघडतो तो बहुतेक वेळा पाठीतच. दुसरी गोष्ट, माप घेताना बाई श्वास धरते. टेप छातीला लागली की खांदे आपोआप वर जातात. तेव्हा घेतलेलं माप खोटं. म्हणून मी आधी काहीतरी विचारायची, पाणी आलं का, मुलाचा निकाल काय लागला. ती बोलायला लागली, खांदे उतरले, की मग टेप.

हे सगळं मी अंबरनाथला विहारातल्या शिवणवर्गात थोडं शिकले आणि बाकीचं चुका करून. पूर्वेला, आमच्या चाळीपासून जवळच, माझं छोटं दुकान होतं. मिस्टर कारखान्यात. गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची. बारवीकडच्या एका पाड्यावरून एक बाई यायची, तिनं एकदा लेकीच्या लग्नाच्या पोलक्याचं माप म्हणून गाठी मारलेली दोरी आणली. "पोरगी लाजते, येत नाय. पयली गाठ छातीची, दुसरी कमरेची." मी विचारलं, "आणि पाठीचं माप?" तर ती गर्रकन वळून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "पाठ माजीच हाय तिला. घे."

पोलकं बसलं, असं नंतर कळलं. पण आज लिहायला बसले आहे ते दुसऱ्याच एका पाठीबद्दल. ती पाठ मी कधीच पाहिली नाही.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक कापडाचं दुकान होतं. मी अस्तर आणि फॉल घ्यायला तिथे जायची. गल्ल्यावर मालक किशनभाई बसायचे, आणि काउंटरच्या मागे त्यांची थोरली बहीण शीला उभी असायची. सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. दुकानातले नोकर, गिऱ्हाईकं, सगळेच तिला अदी म्हणायचे, तशी मीही. पन्नाशीची, उंच, शिडशिडीत बाई. लग्न केलेलं नाही. वडील गेले तेव्हा ती फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. नोकरी सोडून दुकान सांभाळायला आली आणि भाऊ मोठा होऊन गल्ल्यावर बसला तरी ही काउंटरच्या मागेच राहिली. साडीचा कोपरा नुसता दाखवावा, ती मागे न बघता हात घालायची आणि त्याच रंगाचा फॉल काढायची.

एक दिवस अदी माझ्या दुकानात आली. मी चकित झाले. उल्हासनगरात पावलापावलाला शिंपी असताना ही अंबरनाथला कशाला येईल?

"सुनंदा, एक ड्रेस बनाना है. लेकिन पहले तुझे एक पिक्चर देखना पड़ेगा."

टायपिस्ट असताना अदी शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की इंग्रजी सिनेमे बघायची. त्यातली एक नटी तिची फार लाडकी. अदीच्या लहानपणीच्या काळातली, त्या वेळची मोठी हॉलिवूडवाली. तिचं नाव मला तेव्हा उच्चारता येत नव्हतं. पुढे आमच्या बोलण्यात ती 'खांदेवाली' झाली ती कायमचीच, म्हणून इथेही तेच लिहिते. हाँगकाँगच्या कुणा नातेवाइकांनी अदीला तिच्या सिनेमांच्या कॅसेट पाठवल्या होत्या, आणि किशनभाईंच्या घरी व्हीसीआर होता. बाजार बंद असायचा त्या दिवशी दुपारी मी तिकडे गेले. किशनभाईंची बायको, म्हणजे भाभी, आतल्या खोलीत झोपली होती. तीही माझंच गिऱ्हाईक, तिचे ब्लाउज मीच शिवायची. अदीनं दार लोटून घेतलं आणि कॅसेट लावली.

मला इंग्रजी कळत नव्हतं. अदी सांगत होती ती गोष्ट अशी: एक बाई शिवण करून, लोकांकडे कामं करून एका माणसाला शिकवते, मोठा करते. तो तिच्याशी लग्न करायचं वचन देतो आणि दुसरीशीच करतो. बरीच वर्षं जातात. मग एका संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलात तो बायको आणि मित्रांबरोबर जेवायला बसलेला असतो आणि ही आत येते.

"ये ड्रेस," अदी म्हणाली आणि तिनं चित्र थांबवलं. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, मध्ये पांढरी रेघ.

गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्या, अंगाला धरून खाली आलेला गडद झगा. एक दागिना नाही. पुढे बटण नाही, गुंडी नाही, शिवणसुद्धा दिसत नव्हती. मी टीव्हीजवळ जाऊन बसले. "अदी, ही यात शिरली कुठून?"

अदी हसायला लागली. "यही तो पूछना था तुझे!"

मी म्हटलं, पाठीवर उघडत असणार. पुढे चालू द्या, वळली की दिसेल. अदीनं चालू केलं. बाई बोलली, थोडंसंच, टेबलाला हात न लावता. मग निघाली. ती वळते आहे एवढं दिसलं आणि कॅमेरा त्या माणसाच्या चेहऱ्यावर गेला. परत आला तोवर ती दाराबाहेर. आम्ही मागे घेतलं, पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. संपूर्ण सिनेमात त्या झग्याची पाठ नाही.

हे कोडं माझ्या डोक्यात बसलं. मापं न घेताच मी घरी आले. पुढच्या बंदच्या दिवशी परत गेले, त्याच्या पुढच्याही. झग्याची पाठ शोधता शोधता मी त्या बाईलाच बघायला लागले.

एका विनोदी सिनेमात ती टोप्यांच्या दुकानातली विक्रेती होती. श्रीमंताची बायको असल्याचं खोटं सांगते आणि मग ते निभावत बसते. त्यात ती खोटं बोलायच्या आधी हनुवटी नाही, डोळे नाहीत, फक्त एक खांदा हलवायची. झग्याची खांद्यावरची शिवण अर्धं बोट वर गेली, की समजायचं, आता ही थाप मारणार. मी अदीला आधीच सांगायची, "आता खोटं," आणि अदी पुढचं इंग्रजी वाक्य कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "हो!" दुसऱ्या एका सिनेमात ती स्वतः म्हातारी झालेली होती आणि शेतावरच्या म्हातारीचं काम करत होती. मुलगा लढाईत मारला गेल्याचं कळतं तेव्हा ती भांडी घासत असते. रडत नाही, ओरडत नाही. घासतच राहते, फक्त तेच एक भांडं. अदीला हे काम सगळ्यात आवडायचं. मला हॉटेलातला प्रसंग. यावर आमचं भांडण व्हायचं. ती म्हणायची, म्हातारीचं काम अवघड, तिथे लपायला झगा नाही. मी म्हणायची, झगा घालून न लपणं त्याहून अवघड.

हॉटेलातल्या त्या प्रसंगात ती आत आल्यापासून जाईपर्यंत खांदे एकदाही वर जात नव्हते. माझ्यासमोर माप द्यायला उभी राहणारी एकही बाई असं करू शकत नाही. एवढं सोसलेली बाई, समोर तो माणूस, आणि श्वास असा की कापडाला कळत नाही. हे तिनं कसं केलं असेल, याचा विचार मी मशीनवर बसून करायची. एकदा घरी आरशासमोर उभी राहून बघितलंही. मिस्टर म्हणाले, "पाठ दुखते का?"

मग प्रश्न आला रंगाचा. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, झगा नुसता गडद. मी काळाच धरून चालले होते, पण अदी म्हणाली, "काला नहीं चलेगा. शादी में पहनना है." किशनभाईंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, रिसेप्शनला हा झगा घालायचा होता. आणि मला म्हणाली, "लेकिन जो रंग था वही चाहिए. अंदाज़ा लगा."

अंदाज कसा लावणार? शेवटी मी गडद रंगाच्या क्रेपचे तुकडे एका पुठ्ठ्यावर टाचले, काळा, मरून, जांभळा, निळा, बाटलीचा हिरवा, आणि आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्या परबांकडे गेले. पासपोर्टचे फोटो तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच काढायचे. परबांनी पुठ्ठा स्टुलावर उभा केला. "वहिनी, हे कुठं निघालेत? दुबईला?"

फोटो घेऊन अदीकडे गेले. टीव्हीशेजारी धरला. काळा तुकडा झग्यापेक्षा जास्तच काळा होता, तो बाद झाला. पण मरून, जांभळा, निळा आणि हिरवा चारही फोटोत एकाच राखाडी रंगाचे. नावं लिहिली नसती तर मलाही ओळखता आले नसते. आम्ही दोघी कितीतरी वेळ तो फोटो बघत बसलो. त्या हॉटेलात बसलेल्या लोकांना कुठला रंग दिसला असेल, हे आता कुणाला विचारणार?

"हरा," अदी म्हणाली. "मेरी मर्ज़ी."

मापं घेताना मी पाठीवरच्या बटणांचं बोलले. माझा हिशेब पक्का झाला होता. झगा पाठीवरच उघडत असणार, मानेपासून कमरेपर्यंत कापडानं मढवलेली बारीक बटणं, उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, म्हणून कुठे चुणी नाही. मी तशीच पाठ करणार होते, जीव ओतून.

"नहीं. बाजू में खोल," अदी म्हणाली. "डाव्या हाताखाली. टिचबटणं लाव. मला एकटीला घालता आलं पाहिजे."

मी म्हटलं, "अहो, घरात एवढ्या बायका. भाभी आहेत, पुतण्या आहेत, कुणीही लावेल बटणं."

"मला एकटीला घालता आलं पाहिजे," ती पुन्हा म्हणाली, तेवढंच, आणि हात वर केला टेप लावायला.

मला राग आला. कारागिराला येतो तसा. बाजूला उघडायचं म्हणजे काखेखाली कापड ओढतं, अंगावरची सलग रेघ मोडते. तरी गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. मी तीन वेळा उसवून तो झगा बसवला. भाभी स्वतःच्या ब्लाउजच्या ट्रायलला आली की तो मी चादरीखाली सरकवायची, कारण अदीनं सांगितलं होतं, घरात कुणाला बोलू नकोस.

एव्हाना मी मनाशी एक गोष्ट जुळवली होती. हाँगकाँगची माणसं लग्नाला येणार होती. त्यात कुणीतरी एक असणार, ज्यानं अदीला फसवलं. तो टेबलाशी बसलेला असेल आणि ही समोर जाऊन उभी राहील. रिसेप्शनचं आमंत्रण मलाही होतं. खरं सांगते, मी नवरी बघायला गेलेच नव्हते.

उल्हासनगरातला हॉल, दिव्यांच्या माळा, बँड. अदी आली. हिरवा झगा, केस मागे बांधलेले, कानात काही नाही. साड्या आणि शरारा यांच्या गर्दीत ती अशी दिसत होती की वाढपीसुद्धा बाजूला झाले. भाभीच्या तोंडावरचा रंग उडाला. मी अदीची पाठ बघितली. एक चुणी नाही. मग आलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडे बघायला लागले. टाय लावलेला हा का? टकलू तो का? अदी सगळ्यांशी हसून बोलत होती, आणि कुणापाशी थांबत नव्हती.

स्टेजवर घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली. अदीला किशनभाईंच्या शेजारी उभं केलं. व्हिडिओवाल्याचा मोठा दिवा त्यांच्यावर होता. तो काहीतरी नीट करत होता तेवढ्यात अदी भावाकडे वळून दोन-तीन वाक्यं बोलली. मला ऐकू आलं नाही. किशनभाईंचा चेहरा मात्र लख्ख दिसला. आधी ते हसले, थट्टा ऐकल्यासारखे. मग हसणं तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. अदीचे खांदे हलले नव्हते. मी तिथेच उभी राहून ते बघितलं. फोटो निघाला. ती स्टेजवरून उतरली, ताट घेतलं, आणि कोपऱ्यात बसून व्यवस्थित जेवली.

मला घरी सोडायला ती स्वतः रिक्षात बसली. मला राहवेना म्हणून विचारलं, "अदी, तो कुठला?"

"कौन?"

"तुम्हाला वचन देऊन गेला तो."

ती इतकी हसली की रिक्षावाल्यानं मागे बघितलं. "अरे पागल, पिक्चर में वो उसका भाई है."

मला काही समजेना. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सिनेमातली बाई भावाला शिकवते. भाऊ मोठा होतो, आणि ती त्याच्या घरात राबत राहते, न विचारता, न सांगता. त्या संध्याकाळी ती हॉटेलात जाऊन सांगते, मी घर सोडते आहे. "मी तुला लवर सांगितला. भाई बोलले असते तर तू समजली असतीस. भाभी तुझ्याकडे ब्लाउज शिवते. एक शब्द तुझ्या तोंडून निघाला असता तर लग्नाच्या आधीच माझं सगळं बंद."

"सगळं म्हणजे काय?"

"बदलापूरला फ्लॅट घेतला मी. खरवईच्या बाजूला. एक रूम-किचन." ती बाहेर बघत होती. "किशन को अभी बताया. पहली तारीख से जा रही हूँ."

मला गोष्ट खोटी सांगितली याचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त मला घाई झाली होती तो प्रसंग पुन्हा बघायची. इतके दिवस मी ती प्रियकराला भेटायला आली आहे असं समजून बघत होते आणि मला प्रत्येक हालचाल पटली होती. मग भाऊ असेल तर ती चुकीची वाटायला हवी ना?

अदी बदलापूरला गेल्यावर पहिल्याच भेटीत मी ती कॅसेट लावायला लावली. घरात अजून पडदे नव्हते. व्हीसीआर तिनं स्वतःचा घेतला होता, जुना. मी बघितलं. ती आत येते, भावाच्या ताटाकडे एकदा बघते, मग त्याच्या बायकोच्या. मला आधी त्यात मत्सर दिसला होता. आता दिसलं, ही ताटात काय वाढलंय ते बघते आहे. हिनं जन्मभर वाढलं आहे. एकही हालचाल बदलली नव्हती आणि सगळाच अर्थ बदलला होता. एवढं मोठं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, आणि पुढे केबल आल्यावर मी खूप नट्या पाहिल्या. त्या दिवसापासून अदीनंही म्हातारीच्या सिनेमाचा हट्ट सोडला, असं नाही. ती भांड्यावरून भांडतच राहिली.

किशनभाई वर्षभर बोलले नाहीत. मी दुकानात अस्तर घ्यायला गेले की माझ्याकडे न बघता मोजायचे. भाभीनं शिंपी बदलला. उल्हासनगरात लोक म्हणायचे, म्हातारपणी हिला काय सुचलं. अदी बदलापुरात मुलांना टायपिंग आणि इंग्रजी शिकवू लागली. सकाळी चालायला जायची. एका रविवारी मी तिच्याकडे असताना दुपारी बेल वाजली. दारात किशनभाई, हातात मिठाईचा डबा.

अदी बाजूला झाली. ते आत आले, बसले नाहीत. नळ सोडून बघितला. "पानी कितने बजे आता है?" खिडकीच्या गजाला हात लावून हलवून बघितलं. "ये ढीला है." मग खुर्चीत टेकले. टीव्हीवर खांदेवाली होती, आम्ही तोच सिनेमा लावला होता. किशनभाई बघायला लागले. अदी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. हॉटेलचा प्रसंग जवळ आला तशी मी पुढे सरकून बसले. आता यांना कळेल. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान छातीवर पडली होती. झोपले होते.

अदी कप घेऊन आली, थांबली. मी खुणेनं विचारलं, उठवू?

"सोने दे," ती हळूच म्हणाली. "दिन भर खड़ा रहता है. अब काउंटर पे भी वही है." तिनं आवाज कमी केला आणि कप झाकून ठेवला.

सिनेमा संपून पडद्यावर मुंग्या आल्या तेव्हा ते दचकून जागे झाले. रुमालानं तोंड पुसलं. "खतम हो गया? आखिर में क्या हुआ?"

"कुछ नहीं," अदी म्हणाली. "वो अपने घर चली गई."

"अच्छा," ते म्हणाले. गार झालेला चहा त्यांनी तसाच पिऊन टाकला. चपला घालताना, खाली बघतच, विचारलं, "अगले संडे आऊँ? वो खिड़की ठीक करवा दूँगा."

"फोन करके आना," अदी म्हणाली. "मैं घर पे होती नहीं हूँ. नीचे किराणेवाले के यहाँ फोन है, वो बुला देता है."

किशनभाई दोन पायऱ्या उतरले होते. ते थांबले, परत वर आले, आणि खिशातून पेन काढून त्यांनी सख्ख्या बहिणीचा नंबर तळहातावर लिहून घेतला.